ज्या दिवसानंतर घेऊ नये

गुरुवारी दुपारची अजान व्हायला अर्धा तास होता, तेव्हा तहानीने सांगून टाकलं की आज ती आजोबांसमोर बसणार नाही.

सांगितलं आईला, आणि वेळ निवडली ती नगात मोठ्या पातेल्यात गुलाबाचं सरबत ढवळत असतानाची. नगातचा हात थांबला नाही.

"सगळ्याच मुली असं म्हणतात," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी मीसुद्धा म्हटलं होतं. माझ्या आईने एक लगावली, मग मुकाट्याने उठले."

"आई, हे लग्न नाहीये."

"लग्नाला एवढी माणसं आली नसती. कफर अझ-झय्यातची मावशी दोन बस बदलून येतेय. खालच्या हलवायाने साखरचण्यांची टोपली पाठवलीय, नुसती आपल्या मोठेपणाखातर. कागद कैरोहून लिहून आलाय."

तो कागद, म्हणजे कुरआन पुढे शिकवायची इजाजत, बैठकीच्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली ठेवला होता, तान्हं मूल निजवावं तसा. त्यावर नावांची साखळी होती. अगदी वर पैगंबर, मग ज्यांनी त्यांच्या तोंडून कुरआन ऐकला आणि त्यांना म्हणून दाखवला ते, मग त्यांचा शिष्य, असं एका तोंडातून दुसऱ्याच्या कानात उतरत शतकं ओलांडून एकोणतिसावं नाव तहानीच्या आजोबांचं, शेख बस्यूनींचं होतं. आणि त्याखाली तिसावं, तहानी बिन्त रशाद, म्हणजे रशादची मुलगी. आज तिने शेवटचं पान म्हणायचं, शेखांनी ऐकायचं, आणि त्यांची पितळी मोहोर कागदावर उमटायची. चार पिढ्या हे घर ही साखळी पुढे देत आलं होतं, पण त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. नगातने ही गोष्ट तंता शहरातल्या प्रत्येक बाईला निदान दोनदा सांगितली होती.

"आजोबांना आता चूक पकडता येत नाही," तहानी म्हणाली.

आता मात्र पळी थांबली.

"दार लाव," नगात म्हणाली.

तहानीने दार लावलं आणि पाच महिने पोटात ठेवलेलं सांगितलं. कुरआनचा सव्विसावा अध्याय, सूरा शुअरा, चालू होता. मूसा आणि जादूगारांची हकिगत. तीच हकिगत सूरा आराफमध्येही येते, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि पाठ करणारा थोडा बेसावध राहिला की एका सूरेतून निघून दुसरीत जाऊन पोचतो, आपण वाट सोडली हे त्याला कळतही नाही. तहानी तशी गेली. एक ओळ नाही, अर्धं पान. मग तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि ती थांबली. आजोबांच्या अंगठीची टकटक आली नव्हती. शेख बस्यूनी चौथ्या वर्षापासून आंधळे. साठ वर्षं ते त्याच कोचावर बसून ऐकत होते, आणि कुणाची मात्रा जरी लांबली तरी त्यांची अंगठी कोचाच्या लाकडी हातावर वाजायची. शिष्य म्हणायचे, मौलानांना झोपेतही चूक ऐकू येते.

"डुलकी लागली असेल त्यांना," नगात म्हणाली.

"मी डोळे उघडून बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर म्हणत होते ते. मी चुकले तिकडेच तेही आले."

नगातने पळी पातेल्यावर आडवी ठेवली. तिला स्वतःला कुरआन दहा-बारा छोट्या सूरांपलीकडे येत नव्हता, पण एकोणतीस वर्षं या घरात काढल्यावर कशाने घर हादरतं हे तिला चांगलं कळत होतं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"पाच महिने गप्प बसलीस ना? मग आणखी एक संध्याकाळ बस."

"आई, मग मी मोहोर घेऊन बाहेर पडणार, आणि उद्या माझ्यासमोर कुणी मुलगी बसणार. तिला मी काय सांगू? मी ज्यांच्याकडून घेतलं त्यांना..."

"तुझ्या बापाला बोलावते," नगात म्हणाली. हे वाक्य ती वर्षातून दोनदाच उच्चारायची, आणि रशादला ते कळण्याआधी घरातल्या बाकी सगळ्यांना कळायचं.

*

रशाद गच्चीवर भाड्याच्या खुर्च्या मांडत होता. शेतकी खात्यात बियाण्यांच्या गोदामावर पंचवीस वर्षं काढलेला माणूस, खुर्च्याही वाफे आखल्यासारख्या लावत होता. खाली येऊन त्याने सगळं उभ्याउभ्या ऐकलं आणि पहिल्यांदा पायातल्या चपलांकडे बघितलं. लहानपणी बाबांसमोर पाठ चुकला की तो असाच बघायचा. त्याचा अर्धा कुरआन पाठ होऊन राहिला तो कायमचा. बारा वर्षांचा असताना एके सकाळी तो उठून सरळ शाळेत निघून गेला होता, आणि बाबांनी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. ते न विचारणं तो अजून विसरला नव्हता. मुलगी त्याची जागा भरून काढत होती, हे तो कुणाला सांगत नसे, पण कैरोच्या खुशनवीसाकडे, म्हणजे सुंदर अक्षरात कागद लिहिणाऱ्याकडे, तो स्वतः चार खेपा घालून आला होता.

"ताईला बोलवा," तो म्हणाला.

त्याची मोठी बहीण इन्साफ आतल्या खोलीत बाबांची नखं कापत होती. ती खोल्यांमधल्या बोळात आली तेव्हा तिच्या हातात कात्री तशीच होती.

"हळू बोला. आत्ताच शांत झालेत. सकाळपासून चारदा विचारलं, रऊफ आला का."

तहानीच्या रऊफकाकाला वारून बारा वर्षं झाली होती.

"म्हणजे ताई, तुला माहीत होतं," रशाद म्हणाला.

"त्यांची नखं मी कापते, मला माहीत नसेल तर कुणाला? पण आजचा दिवस जाऊ दे, रशाद. मी विचार केलाय. आज मोहोर उठू दे. उद्यापासून कुणी आलं तर सांगू, प्रकृती बरी नाही. हळूहळू लोक यायचे थांबतील. कुणाची मान खाली जाणार नाही."

"हेच म्हणतेय मी," नगात म्हणाली. गेल्या दहा वर्षांत नणंद-भावजयीचं कशावर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेवटचं झालं ते एका दुधवाल्याच्या बाबतीत.

"वन्सं बरोबर बोलतायत," तिने पुढे जोडलं.

"बघ," रशाद मुलीला म्हणाला. "दोघी एका बाजूला आहेत. आता तरी पटव स्वतःला."

तहानी आत्याकडे बघत होती. सकाळपासून ती एक गोष्ट जुळवत होती आणि ती जुळत नव्हती.

"आत्या, शुअराच्या त्या दिवशी तू घरात नव्हतीस. दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस."

"असेन. माझे दात काय आजचे दुखतायत?"

"त्यानंतर माझ्या नऊ चुका झाल्या. नऊही वेळा अंगठी वाजली. आजोबांना पकडता येत नाही, तर मग ती वाजवली कुणी?"

इन्साफने कात्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"वन्सं?" नगात म्हणाली.

"तांदळाचं ताट मांडीवर घेऊन मी त्यांच्या शेजारी बसते ना," इन्साफ म्हणाली. "खडे निवडायला. खाली माझा पाय त्यांच्या पायाला लागलेला असतो. तू चुकलीस की मी दाबते. मग ते वाजवतात."

स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचं पाणी ठिबकत होतं. हा नळ दुरुस्त करतो म्हणून रशादने ईदपासून सांगितलं होतं.

सगळ्यांत आधी रशादचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. ऐकणारं कुणीतरी होतंच की. चुका पकडल्या गेल्या. अक्षर न अक्षर बरोबर आहे. कान कुणाचा का असेना."

"बाबा," तहानी म्हणाली, "कागदावर आजोबांच्या कानाचं नाव आहे."

"मग आत्याचं घाल."

"मला कुणी इजाजत दिलीय?" इन्साफ म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, पण नगातने मान वळवली. "सतराव्या वर्षी सूरा मरियमपर्यंत आले होते मी. मरियमच्या मध्यावर दमनहूरचं स्थळ आलं. बाबा म्हणाले, उरलेलं नंतर बघू. चाळिशीत विधवा होऊन परत आले तेव्हा उरलेल्याची आठवण कुणालाच नव्हती. पुढचं सगळं मी दाराआडून पाठ केलंय, दुसऱ्यांच्या चुका ऐकत. त्याचा कागद होत नाही, रशाद."

*

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाला अजून दोन तास असताना शेख हिल्मी आले. ते नेहमीच लवकर यायचे. शेख बस्यूनींचे सगळ्यांत जुने शिष्य, स्वतः साठी ओलांडलेले, अहमदी मशिदीशेजारच्या गल्लीत मुलांना शिकवणारे. आजच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांची सही व्हायची होती. जिना चढताना ते दर तिसऱ्या पायरीवर थांबून गुडघ्यांना दोष देत, आणि वर पोचल्यावर इन्साफला कधी नजर वर करून बघत नसत. दमनहूरचं स्थळ येण्याच्या आधी या घरात आणखी एक मागणी आली होती. त्यावर चाळीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

नगातने त्यांना सरबत दिलं. रशादने खुर्ची दिली. तहानीने त्यांना सगळं सांगितलं, आणि बाप मधेमधे खाकरत राहिला.

शेख हिल्मींनी पेला खाली ठेवला. ते दाढीवरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, "बसऱ्याच्या जरीर इब्न हाझिमची गोष्ट मौलानांनी तुम्हाला सांगितलीय ना?"

"शंभरदा," रशाद म्हणाला.

"मग उरलं काय बोलायला? जरीर पैगंबरांची वचनं सांगायचे, आणि म्हातारपणी गोंधळले. त्यांची मुलं जाणती होती. त्यांनी बापाला घरात ठेवलं, एकाही शिष्याला आत सोडलं नाही. म्हणून जरीर यांच्याकडून घेतलेला शब्द न शब्द आज बाराशे वर्षांनी खरा धरतात. मुलांनी बापाची अब्रू दार लावून राखली." ते इन्साफच्या दिशेला, पण जमिनीकडे बघत म्हणाले, "तुम्ही लोकांनी दार उघडं ठेवलंत."

इन्साफला वाटलं, हा माणूस चाळीस वर्षांनी माझ्याशी बोलतोय आणि काय बोलतोय. तिने ताट मांडीवर असल्यासारखे हात जुळवून धरले.

"आता दिवस ठरला पाहिजे," हिल्मी म्हणाले. "गोंधळ कधी सुरू झाला तो दिवस. त्याआधी मौलानांकडून ज्यांनी घेतलं ते पक्कं. त्यानंतरचं गळालं. प्रत्येकाला कळवायचं, मग तो कुठेही असो. त्यात दयामाया नाही."

"मागच्या आठवड्यापासून धरा," रशाद घाईने म्हणाला. "मागच्या जुम्म्यापासून. तेव्हा त्यांना ताप होता."

"पाच महिने," तहानी म्हणाली.

"तू गप्प बस."

"अंदाजाने चालत नाही," हिल्मी म्हणाले. "जो रोज सगळ्यांत जवळ होता त्याने सांगायचं."

सगळे इन्साफकडे बघायला लागले. नगातने बघितलं ते जरा वेगळ्या नजरेने. तिला या बाईचा खोकला, तिचे उपदेश, तिचं तिसऱ्यांदा भांडं धुणं, सगळं नको व्हायचं. आणि आता तिला वाटत होतं, हिने काहीतरी थातूरमातूर सांगावं, कुठलाही परवाचा दिवस सांगावा आणि सुटावं.

"मागच्या वर्षीचा रजब महिना," इन्साफ म्हणाली. "सत्ताविसावी रात्र येणार होती, मशिदीवर दिवे लावत होते, म्हणून लक्षात आहे. दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि आईच्या नावाने मारली. मी म्हटलं, होतं असं. मग शिष्य बसला, दोन ठिकाणी चुकला, आणि अंगठी गप्प. तिसऱ्या वेळी मी पाय दाबला. त्यांनी वाजवलं. त्या दिवसापासून ते सुरू झालं."

"वर्षाहून जास्त झालं," रशाद पुटपुटला.

तहानीने मनात हिशेब केला. रजबपर्यंत ती सूरा यूनुसच्या शेवटापर्यंत आली होती. तेवढं राहील. कुरआनच्या तिसाव्या, शेवटच्या भागातल्या पानाऐवजी तिला अकराव्या भागात परत जावं लागेल. जाईल ती.

शेख हिल्मी बोटांच्या पेरांवर नावं मोजत होते. "रजबनंतर तिघांना मोहोर मिळाली. मन्सूराचा तो मुलगा. मलेशियाचा विद्यार्थी. आणि..."

ते तिसऱ्या पेरावर थांबले. तिसरा म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगा, अम्मार. रजबनंतर तीन महिन्यांनी, शव्वालमध्ये, त्याला याच खोलीत इजाजत मिळाली होती, आणि त्याच कागदावर त्याला कुवेतमध्ये मोठ्या मशिदीत इमामाची जागा मिळाली होती. गेल्या जुम्म्याला त्यांनी त्याचा आवाज कॅसेटवर सगळ्या गल्लीला ऐकवला होता.

त्यांनी सरबताचा पेला उचलला. तो रिकामा होता.

"रजब," ते म्हणाले. "रजब जरा घाईचं वाटतं. म्हाताऱ्या माणसाने लेकीला बायकोच्या नावाने हाक मारली, तर त्याला गोंधळ म्हणत नाहीत. माझी आई मला बोकडाच्या नावाने हाक मारायची. आणि दोन चुका सुटल्या, तर विस्मरण वेगळं आणि गोंधळ वेगळा. यावर मोठ्यामोठ्यांचे वाद आहेत. शिवाय बाईच्या एकटीच्या आठवणीवर..."

"शेख हिल्मी," रशाद म्हणाला.

रशादचा आवाज त्या बैठकीत कधी तसा निघाला नव्हता. गोदामात उंदीर दिसल्यावर निघायचा.

"पाच मिनिटांपूर्वी दयामाया नव्हती. माझ्या मुलीचा कागद जात होता तेव्हा नव्हती. आता कुठून आली? माझ्या ताईने रजब सांगितलाय, तर रजबच. तिच्या कानावर दीड वर्ष हे घर चाललं, तुमच्या मुलाचीही चूक तिच्याच पायाने पकडलीय. किती वेळा, ताई?"

"जाऊ दे रशाद."

"किती?"

"सात," इन्साफ म्हणाली. "चांगला म्हणतो मुलगा. श्वास फक्त कमी पडतो."

नगात उठली आणि हिल्मींचा पेला काठोकाठ भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, पण ओठांना लावला नाही. खिडकीतून खालच्या हलवायाच्या कढईचा गोडसर वास येत होता, आणि कुणीतरी खालून ओरडून विचारत होतं की खुर्च्या पुरतील का आणखी आणू.

"पुरतील," नगातने खिडकीतून सांगितलं. "आणू नका."

शेवटी हिल्मी म्हणाले, "कागद द्या."

तहानीने वहीतलं पान फाडून दिलं. ते लिहायला लागले, जुन्या वळणाचं, सावकाश. की मौलाना बस्यूनी यांच्याकडून मागच्या वर्षीच्या रजबच्या सत्ताविसाव्या रात्रीच्या आदल्या दिवसापर्यंत जे घेतलं गेलं ते विश्वासाचं, आणि त्या दिवसानंतर त्यांच्याकडून काही घेऊ नये. साक्ष इन्साफ बिन्त बस्यूनी हिची. खाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं नाही.

"कुवेतला फोन मी करेन," ते म्हणाले. "तुम्ही कुणी करू नका."

*

आतल्या खोलीचं दार वाजलं. शेख बस्यूनी भिंतीला हात लावत स्वतः बाहेर आले होते. अंगावर पांढरा जुब्बा होता, इन्साफने सकाळीच घातलेला, आणि पायात एकच चप्पल. त्यांना या घरात हात धरलेला आवडत नसे. टेबल, कोच, खिडकी, सगळं त्यांच्या बोटांना पाठ होतं.

"हिल्मी आलाय," ते म्हणाले. "लेखणीचा आवाज त्याचा. चेपून लिहितो."

"मौलाना." हिल्मी उठून उभे राहिले, गुडघ्यांना दोष न देता.

"वाच काय लिहिलंस."

नगातने ओढणी तोंडाशी नेली.

"बाबा, काही नाही, पाहुण्यांची यादी आहे," इन्साफ म्हणाली.

"इन्साफ, दीड वर्ष माझा पाय चेपतेस ते यादीसाठी?"

तिने हिल्मींच्या हातातून कागद घेतला आणि वाचला. सगळा वाचला, तारखेवर न अडखळता. वाचून झाल्यावर ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जणू तिथे कुठे तडा गेलाय का ते बघावं.

शेख कोचाशी आले, हात टेकून बसले.

"सफर," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"रजब नाही, सफर. तुला रजबमध्ये कळलं. मला पाच महिने आधी कळलं होतं. पहाटे एकटाच नमाजाला उभा होतो. दुसऱ्या सूरेच्या मध्यावर आलो, आणि पुढचं पानच नव्हतं. अंधार मला नवा नाही, पोरी. पण तो अंधार माझ्या ओळखीचा नव्हता."

"मग बोलला का नाहीत?" रशाद जवळ सरकला. लहान मुलासारखं विचारलं त्याने.

"ही पोरगी महिन्यापूर्वीच बसायला लागली होती माझ्यासमोर. मुहर्रममध्ये. वाटलं, अजून थोडं ऐकू. उद्या सांगू. मग इन्साफचा पाय लागायला लागला, आणि सांगायची गरजच राहिली नाही." ते जरा हसले. "तुम्हीच नाही, मीही दार उघडं ठेवलं."

सफर म्हणजे तहानीचं यूनुसपर्यंतचंही गेलं. दुसरी सूरासुद्धा गेली. फक्त पहिला महिना राहिला, आणि एका महिन्याला कुणी मोजत नाही.

हे खोलीत सगळ्यांनाच कळलं, आणि आश्चर्य म्हणजे पहिल्यांदा बोलले ते हिल्मी. "मौलाना, नियम तुम्हीच शिकवलात. गोंधळलेल्या माणसाची त्याच्या गोंधळाबद्दलची साक्ष चालत नाही. आपण रजब ठेवू. पोरीचा एवढा तरी भाग राहू द्या. माझ्या मुलाचं तर गेलंच, तिचं कशाला?"

"ऐकलंस?" शेख नातीला म्हणाले. "मी शिकवलेलं माझ्यावरच चालवतोय. बरोबर आहे त्याचं. माझी साक्ष नका घेऊ. हिची घ्या. सफरमध्ये माझ्यासमोर हीच बसत होती."

आता सगळे तहानीकडे बघत होते.

तिला नाही म्हणता आलं असतं. लक्षात नाही म्हणता आलं असतं, आणि जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारचं कुणाच्या लक्षात असतं? आईचा चेहरा तिला दिसत होता. नगात तिला डोळ्यांनी काहीही सांगत नव्हती, आणि आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

"सफरमध्ये एकदा," तहानी म्हणाली, "आजोबांनी मला एकच पान लागोपाठ दोनदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा म्हटलंच नाही असं समजून. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून मी दुसऱ्यांदा म्हटलं. त्या रात्री मी आईला विचारलंसुद्धा."

"विचारलं होतं," नगात म्हणाली. "मी म्हटलं, आजोबांना तुझा आवाज आवडला असेल."

"आवडला होता," शेख म्हणाले.

तहानीने आत्याच्या हातातून कागद घेतला, टेबलावर ठेवला, आणि रजबची तारीख खोडून वर सफर लिहिलं. बाजूला तिने साक्ष म्हणून आपलं नाव घातलं. पांढऱ्या कापडाखालच्या दुसऱ्या कागदाकडे तिने बघितलं नाही. तो उचलून नेला नगातने, दोन्ही हातांवर आडवा धरून, कुठे ठेवावा ते न सुचून कपाटावर ठेवला, मग खाली घेतला, मग स्वतःच्या पलंगावर नेऊन ठेवला.

"शनिवारपासून माझ्याकडे ये," हिल्मी म्हणाले. "पहिल्या पानापासून. इन्साफबाईंनाही घेऊन ये." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. "त्यांची मरियम अर्धी राहिलीय."

इन्साफ वाकून बाबांची दुसरी चप्पल शोधायला लागली, आणि ती कोचाखाली समोरच दिसत असूनही बराच वेळ शोधत राहिली.

खाली जिन्यात माणसं यायला लागली होती. कफर अझ-झय्यातच्या मावशीचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. रशादने अंगातला जुब्बा सारखा केला, हिल्मींनी लिहिलेला कागद घडी न घालता हातात धरला आणि तो जिन्याकडे निघाला. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. पहिल्या पायरीवर उभा राहून तो वाचायला लागला.

तहानीने आजोबांचा हात धरला. आज त्यांनी तो सोडवला नाही. आतल्या खोलीत नेऊन तिने त्यांना पलंगावर बसवलं, मागे उशी सारली.

"आता माझ्यासमोर म्हणणार नाहीस," शेख म्हणाले.

"म्हणेन की. फक्त ते धरायचं नाही."

त्यांनी मान हलवली. ते बोटातली अंगठी फिरवत राहिले.

"चूक न शोधता मी कधी ऐकलंच नाही गं," ते म्हणाले. "कसं ऐकतात ते बघायचं राहिलंच."

"कुठून म्हणू?"

"तुला आवडतं तिथून."

असं तिला या घरात आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि तहानीला पटकन काही सुचेना.